'स्नेक ईटर'ची एचडी आवृत्ती : पाठनिष्ठेचा प्रश्न

जुन्या ग्रंथाची नवी आवृत्ती हाती आली की अभ्यासक प्रथम तिचा कागद आणि छपाई पाहत नाही. संपादकाने कोणता पाठ स्वीकारला आहे, हे तो पाहतो. व्हिडिओ गेमच्या बाबतीत हा प्रश्न अद्याप क्वचितच विचारला जातो. २००९ साली 'गॉड ऑफ वॉर' या मालिकेतील पहिले दोन खेळ प्लेस्टेशन ३ या यंत्रासाठी एकत्र प्रसिद्ध झाले, आणि त्यानंतर जुन्या खेळांच्या 'एचडी', म्हणजे हाय डेफिनिशन, आवृत्त्या काढण्याची प्रथाच पडली. 'स्प्लिंटर सेल' (२०११), 'डेव्हिल मे क्राय' (२०१२), 'हिटमॅन' (२०१३) या मालिकांचे जुने खेळ अशाच रीतीने पुन्हा बाजारात आले. या आवृत्त्यांचे परीक्षण बहुधा दोन कसोट्यांवर होते : चित्र किती स्वच्छ झाले आणि हालचाल किती सुरळीत झाली. या कसोट्या चुकीच्या नाहीत. परंतु त्या अपुऱ्या आहेत. खेळ म्हणजे पडद्यावरील चित्र आणि यंत्र म्हणजे त्या चित्राचे केवळ वाहन, असे गृहीत त्यांच्या मुळाशी आहे. या गृहीताची सर्वांत कठोर परीक्षा 'स्टेल्थ' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, चोरपावलांच्या खेळांत होते.

सामान्य साहसी खेळात अडथळा बळाने दूर करावयाचा असतो. चोरपावलांच्या खेळात बळापेक्षा ज्ञानाला महत्त्व असते. पहारेकऱ्याला काय दिसते, खेळणाऱ्याला काय दिसते, आणि या दोन दृष्टींमध्ये किती अंतर आहे, यावरच त्या खेळाचा सारा घाट उभा असतो. दिसणे आणि न दिसणे हाच त्याचा आशय आहे. तेव्हा अशा खेळात कॅमेरा हलला, चित्राची रुंदी वाढली किंवा धुके विरळ झाले, तर तो बदल वेष्टनाचा राहत नाही; तो संहितेत झालेला बदल ठरतो.

'मेटल गिअर सॉलिड ३ : स्नेक ईटर' हा खेळ या दृष्टीने विशेष अभ्यसनीय आहे. हिदेओ कोजिमा यांच्या दिग्दर्शनाखाली कोनामी या जपानी संस्थेने तो २००४ साली प्लेस्टेशन २ साठी प्रसिद्ध केला. कथा १९६४ सालातील, सोव्हिएत भूमीवरील अरण्यात घडणारी आहे. नायकाने अंगावरील पोशाख आणि चेहऱ्यावरील रंग भोवतालच्या गवताशी, मातीशी, झाडांच्या सालीशी जुळवून घ्यावयाचे असतात, आणि तो कितपत लपला आहे हे पडद्याच्या कोपऱ्यात टक्केवारीने दाखविले जाते. परंतु या खेळाचे मर्म टक्केवारीत नाही. ते खेळणाऱ्याच्या अंगठ्यात आहे.

प्लेस्टेशन २ च्या कंट्रोलरवरील बटणांना दाबाचे प्रमाण कळत असे. 'स्नेक ईटर'ने या गुणाचा असाधारण उपयोग केला. पहारेकऱ्याला मागून धरल्यावर बटण हलके दाबून ठेवले तर तो केवळ धरलेला राहतो. तेच बटण जोराने दाबले तर त्याचा गळा चिरला जातो. पिस्तूल रोखल्यावर बटण झटकन सोडले तर गोळी सुटते. हळूहळू सोडले तर गोळी न सुटता हात खाली येतो. धाक आणि हत्या यांच्यामधील अंतर येथे निवडीच्या दोन पर्यायांत मांडलेले नाही. ते एकाच बोटाच्या संयमात आहे. घाबरलेला, गोंधळलेला किंवा घाईत असलेला खेळाडू मनात नसताना माणूस मारून बसतो.

याचे महत्त्व पुढे ध्यानात येते. कथेच्या उत्तरार्धात नायक 'सॉरो' या मृतात्म्याच्या सान्निध्यात एका उथळ नदीतून चालत जातो, आणि खेळणाऱ्याने तोवर ज्यांना मारले ते सैनिक समोरून एकेक करून येतात. ज्याने पुष्कळांना मारले त्याची वाट दीर्घ आणि असह्य होते. ज्याने हात आवरला त्याची बरीचशी मोकळी राहते. या प्रसंगाचा परिणाम केवळ त्याच्या चित्रमयतेत नाही. समोरून येणाऱ्यांमध्ये हेतुपुरस्सर मारलेले असतात तसेच बोट घसरल्यामुळे मेलेलेही असतात, आणि खेळ त्यांच्यात भेद करीत नाही. अपघाताची जबाबदारीही माणसावरच येते, हा त्या नदीचा अर्थ बटणाच्या दाबातून सिद्ध झालेला आहे.

२०११ साली अमेरिकेतील ब्लूपॉइंट गेम्स या संस्थेने सिद्ध केलेला 'मेटल गिअर सॉलिड एचडी कलेक्शन' हा संग्रह प्लेस्टेशन ३ आणि एक्सबॉक्स ३६० या दोन यंत्रांसाठी निघाला. त्याचे गुण मोकळेपणाने मान्य केले पाहिजेत. मूळ 'स्नेक ईटर' सेकंदाला सुमारे ३० चौकटींच्या गतीने चाले. येथे ती गती ६० वर आली. चित्र ७२० ओळींचे आणि रुंद झाले. पानापानांतून सरकणारा माणूस आता अधिक स्पष्ट दिसतो. मात्र याच गुणात एक प्रश्नही दडलेला आहे : जुन्या पडद्यावर गवत आणि गणवेश एकमेकांत मिसळून जात, आणि तो संभ्रम पहारेकऱ्याप्रमाणेच खेळणाऱ्याच्याही वाट्याला येई. तो संभ्रम रचनाकारांना अभिप्रेत होता की यंत्राच्या मर्यादेतून आला होता, हे निश्चयाने सांगणे कठीण आहे. परंतु अनुभवाचा तो एक घटक होता, यात शंका नाही.

बटणांच्या बाबतीत अशी संदिग्धता नाही. प्लेस्टेशन ३ च्या कंट्रोलरला दाब कळत होता. एक्सबॉक्स ३६० च्या दर्शनी बटणांना तो कळत नव्हता. म्हणून तेथे हत्येची कृती वेगळ्या बटणाकडे सोपवावी लागली. वरवर पाहता ही केवळ सोय आहे, आणि खेळ त्यामुळे अधिक सुकर झाला हेही खरे. पण या सोयीमुळे हत्या हा नेहमीच एक स्वतंत्र, जाणीवपूर्वक निर्णय ठरतो. धरणे आणि मारणे यांच्यामधील निसरडी जागाच नाहीशी होते. मग नदीत समोरून येणारा प्रत्येक जण खेळणाऱ्याने ठरवून मारलेला असतो. प्रसंगातील एकही चित्र, एकही शब्द बदललेला नाही, आणि तरीही त्याचा अर्थ अरुंद झाला आहे. एकाच दिवशी, एकाच नावाने बाजारात आलेल्या दोन प्रतींमध्ये असा पाठभेद असावा, आणि परीक्षणांनी प्रामुख्याने चित्राच्या स्वच्छतेचीच तुलना करावी, ही गोष्ट विचार करावयास लावणारी आहे.

बदल म्हटला की तो दोषच, असे मात्र नव्हे. याच संग्रहात योग्य संपादनाचे उदाहरणही आहे. २००४ च्या मूळ खेळात कॅमेरा वरून, ठरलेल्या कोनांतून पाहत असे. अरण्यात त्यामुळे जवळचा शत्रूही नजरेआड राही. जपानमध्ये २००५ च्या अखेरीस निघालेल्या 'सबसिस्टन्स' या सुधारित आवृत्तीने खेळणाऱ्याच्या हाती फिरता कॅमेरा दिला, पण जुना कॅमेराही राखून ठेवला. एचडी संग्रहाने हीच आवृत्ती आधारभूत मानली. दोन्ही पाठ वाचकासमोर ठेवून निवड त्याच्यावर सोपविणे, ही चिकित्सक संपादनाची रीत आहे. उलट, मूळ खेळात तुरुंगाच्या कोठडीत असताना खेळ साठवून पुन्हा उघडला की नायकाला पडणारे एक निराळ्याच शैलीतील दुःस्वप्न खेळावे लागे. 'सबसिस्टन्स'मध्ये ते गळाले, आणि म्हणून २०११ च्या संग्रहातही आले नाही. ज्याने केवळ संग्रहच पाहिला, त्याला येथे काही गळले आहे याची शंकाही येण्याचे कारण नव्हते. २०२५ च्या नव्या पुनर्निर्मितीत ते दुःस्वप्न नव्या रूपात परतले.

भर घातल्यानेही पाठ बिघडू शकतो, याचे उदाहरण याच मालिकेत सापडते. १९९८ च्या पहिल्या 'मेटल गिअर सॉलिड'ची 'द ट्विन स्नेक्स' ही पुनर्निर्मिती २००४ साली निघाली. दुसऱ्या खेळात आलेली, नायकाच्या डोळ्यांतून नेम धरून पिस्तूल झाडण्याची शक्ती तिच्यात पहिल्या खेळाच्या नायकाला देण्यात आली. पण खोल्या, वाटा आणि पहारे मुख्यतः जुनेच राहिले. ज्या जागा ती शक्ती नसलेल्या माणसासाठी आखल्या होत्या, त्या आपसूक सोप्या झाल्या. 'सायलेंट हिल' ही भयकथा चोरपावलांची नसली तरी तिचा अनुभव येथे लागू पडतो. अंतिम मूळ संहिता जतन झालेली नसल्यामुळे तिचा २०१२ चा एचडी संग्रह अपूर्ण संहितेवरून सिद्ध करावा लागला. त्यात धुके विरळ झाले, आणि ज्याने नगराची भीती निर्माण केली होती तो पडदाच दूर झाला.

यावर एक आक्षेप संभवतो : मग मूळ खेळ आहे तसाच ठेवावा. परंतु न हात लावलेली प्रतही आहे तशी राहत नाही. 'स्प्लिंटर सेल : पँडोरा टुमॉरो' (२००४) या खेळात सावलीत लपणे हेच सर्वस्व आहे, त्याच्या संगणकावरील आवृत्तीने सावल्यांसाठी वापरलेले तंत्र पुढील काळातील ग्राफिक्स कार्डांनी सोडून दिले, आणि दिव्यांचे काही झोत व सावल्या पडद्यावर उमटेनाशा झाल्या. प्रत तीच राहिली, पण तिला वाचणारे यंत्र बदलले. शिवाय उपलब्धतेचा प्रश्न आहेच. अमेरिकेतील व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, त्या देशात २०१० पूर्वी निघालेल्या खेळांपैकी सुमारे ८७ टक्के बाजारात मिळत नव्हते. खुद्द 'स्नेक ईटर'ची एचडी आवृत्ती, त्यातील ऐतिहासिक चित्रफितींच्या परवान्यांचे नूतनीकरण व्हावयाचे असल्यामुळे, नोव्हेंबर २०२१ मध्ये विक्रीतून काढून घेण्यात आली आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये 'मास्टर कलेक्शन'च्या रूपाने परतली. अशा परिस्थितीत पुनःप्रकाशन करणाऱ्यांचे ऋण नाकारणे कृतघ्नपणाचे होईल.

म्हणूनच मागणी बदल न करण्याची असू शकत नाही. ती बदलांची नोंद ठेवण्याची असली पाहिजे. कोणती प्रत आधारभूत मानली, काय गळले, काय घातले, कोणती कृती कोणत्या बटणाकडे गेली, एवढे चार पानांत सांगता येते. जेथे शक्य असेल तेथे जुना पाठही उपलब्ध ठेवता येतो, हे 'सबसिस्टन्स'च्या कॅमेऱ्याने दाखवून दिले आहे. आणि ही जबाबदारी केवळ प्रकाशकाची नाही. 'स्नेक ईटर'मधील हिंसेच्या नैतिकतेविषयी लिहिणाऱ्याने आपण कोणती आवृत्ती, कोणत्या यंत्रावर आणि कोणत्या कंट्रोलरने खेळलो, हे आरंभीच नोंदविले पाहिजे. अन्यथा दोन समीक्षक नदीच्या एकाच प्रसंगाविषयी वाद घालतील, आणि आपल्यासमोर दोन भिन्न पाठ आहेत हे दोघांपैकी एकाच्याही लक्षात येणार नाही.