पाद्री स्टीफन्स यांचें कोंकणी व्याकरण : कर्तृत्वाचा प्रश्न

जेजुइट पाद्री टॉमस स्टीफन्स यांनीं गोमंतकांत देशभाषा कशी आत्मसात केली, हें सांगतांना अभ्यासक त्यांच्या पोर्तुगीजांत लिहिलेल्या कोंकणी व्याकरणाचा आधार घेतात. हा आधार तपासला पाहिजे. स्टीफन्स १५७९ सालीं गोव्यास आले व १६१९ सालीं वारले. व्याकरण मात्र रायतूर येथें १६४० सालीं छापलें. दियोगु रिबेरु यांनीं त्यांत भर घातली व इतर चार पाद्र्यांनीं तें शोधिलें, असें शीर्षपृष्ठच सांगतें. तेव्हां कोणता नियम मूळचा व कोणता मागाहूनचा, हें छापील प्रतीवरून ठरविणें कठीण.

शिवाय व्याकरण साष्टीच्या लोकभाषेचें. १६१६ सालचें ख्रिस्तपुराण मात्र ओवीबद्ध मराठींत आहे. पैठणास एकनाथांनीं चालविलेल्या ओवीच्या वळणाची ही ग्रंथभाषा. एकीच्या नियमांनीं दुसरीचा अभ्यास उलगडत नाहीं. तरुण स्टीफन्स यांची स्वतःची साक्ष हवी, तर १५८३ सालीं बंधूस लिहिलेलें पत्र अधिक ग्राह्य. त्यांत येथील भाषांचें ग्रीक व लॅटिनशीं साम्य त्यांनीं नोंदविलें आहे.

यानें व्याकरणाचें मोल घटत नाहीं. तें एका विद्यार्थ्याचें टिपण नसून मिशनच्या भाषाशिक्षणाची परंपरा आहे. अंत्य अकार उच्चारावा कीं नाहीं, हें देवनागरी व मोडी वाचकावर सोपवितात. रोमन लिपींत लिहिणारास तो लिहावा वा गाळावाच लागे. म्हणून संग्राहकांनीं रोमन लिपींतील जुने शब्दसंग्रह व धडे परकी कागद म्हणून बाजूस सारूं नयेत. मराठी-कोंकणीच्या उच्चाराचा पुरावा त्यांतच आहे.