गोंदलेला देह आणि शोकाची भाषा : रिक जेनेस्ट यांच्या निधनानंतरच्या शोकाभिव्यक्तीची चिकित्सा

प्रस्तावना

मृत्युलेख, श्रद्धांजली, स्मरणपर भाषणे आणि स्मारके यांची गणना सामान्यतः भावनेच्या उद्गारांत केली जाते. शोकाची चिकित्सा करणे औचित्याला धरून नाही, असा एक संकेतही रूढ आहे. त्यामुळे या लेखनातून होणारी अर्थनिर्मिती समीक्षेच्या कक्षेबाहेर राहते. वस्तुतः प्रत्येक मृत्युलेख हे एका आयुष्याचे वाचन असते. कोणत्या घटना निवडायच्या, त्यांची संगती कशी लावायची आणि शेवटाच्या प्रकाशात आरंभ कसा पाहायचा, हे निर्णय त्यात अटळपणे घेतले जातात. ज्या व्यक्तीने स्वतःच्या देहालाच संहितेचे रूप दिलेले असते, तिच्या बाबतीत हे वाचन अधिक गुंतागुंतीचे होते.

मॉन्ट्रियल येथील रिक जेनेस्ट हे असे एक व्यक्तिमत्त्व होय. 'झॉम्बी बॉय' या नावाने ते साइड-शो, टॅटू आणि फॅशन या तिन्ही क्षेत्रांत ओळखले जात. १ ऑगस्ट २०१८ रोजी वयाच्या ३२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांच्यासाठी जो शोक व्यक्त झाला, त्याने त्यांच्या देहाचे वाचन कसे केले, याची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे. शोक खरा असूनही त्याने केलेले वाचन चुकीचे असू शकते आणि या चुकीला साइड-शोच्या इतिहासात जुनी परंपरा आहे, हे या लेखाचे प्रतिपादन आहे.

येथे 'गोंदण' आणि 'टॅटू' हे दोन्ही शब्द वापरले असले तरी त्यांतील फरक लक्षात घ्यावयास हवा. मराठी मनात गोंदण हे परंपरेशी, जातीजमातीशी आणि सौभाग्याशी निगडित आहे. ते समाजाकडून व्यक्तीला मिळते. प्रस्तुत संदर्भातील टॅटू व्यक्तीने स्वतः निवडलेला आणि बहुधा रूढ समाजापासून तिला वेगळे करणारा असतो.

साइड-शोमधील गोंदलेला देह : सक्तीच्या कथेची परंपरा

सर्कशीच्या किंवा जत्रेच्या मुख्य तंबूशेजारी स्वतंत्र तिकीट लावून दाखविल्या जाणाऱ्या खेळांना साइड-शो म्हणतात. तलवार गिळणे, आग खाणे, खिळ्यांच्या फळीवर झोपणे अशा कसबांबरोबरच असामान्य देहांचे प्रदर्शन हा त्यांचा प्रमुख भाग होता. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत गोंदलेल्या स्त्री-पुरुषांना या तंबूत मानाचे स्थान मिळाले. मात्र केवळ गोंदलेला देह दाखवून प्रेक्षकाचे समाधान होत नसे. त्या देहाला एक कथा जोडावी लागे. तंबूच्या दारातल्या पुकाऱ्यातून आणि आत विकल्या जाणाऱ्या छोट्या पुस्तिकांतून ही कथा सांगितली जाई.

या कथांचा सांगाडा आश्चर्यकारकरीत्या एकसारखा आहे. पी. टी. बार्नम यांनी १८७० च्या दशकात पुढे आणलेल्या कॅप्टन कोस्टेन्टेनस यांच्या अंगावर ३८८ आकृती असल्याचे सांगितले जाई. आशियाच्या अंतर्भागात शत्रूंनी पकडून सक्तीने त्या गोंदल्या, अशी त्यांची कथा होती. १८८२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये रंगमंचावर आलेल्या नोरा हिल्डेब्रँट यांच्याविषयी अमेरिकेतील मूलनिवासींच्या कैदेची कथा पसरविण्यात आली. वास्तविक त्यांच्या अंगावरील काम मार्टिन हिल्डेब्रँट या न्यूयॉर्कमधील व्यावसायिक कलावंताचे होते. 'द ग्रेट ओमी' या नावाने गाजलेले हॉरेस रिडलर हे ब्रिटिश सैन्यातील माजी अधिकारी. त्यांनी १९३० च्या दशकात लंडनच्या जॉर्ज बर्चेट यांच्याकडून सर्वांगावर झेब्य्रासारखे काळे पट्टे स्वेच्छेने आणि पैसे मोजून काढून घेतले. तरीही न्यू गिनीमध्ये आपल्याला पकडून गोंदले गेले, अशी कथा त्यांनाही सांगावी लागली.

या कथा खोट्या होत्या, एवढेच नोंदवून थांबणे पुरेसे नाही. त्या का आवश्यक ठरल्या, हा खरा प्रश्न आहे. कोणी माणूस स्वेच्छेने, विचारपूर्वक आणि आवडीने आपला देह असा बदलेल, हे प्रेक्षकाला अस्वस्थ करणारे होते. सक्तीची कथा ही अस्वस्थता दूर करी. गोंदलेला माणूस कर्ता न राहता बळी ठरला की त्याच्याकडे पाहणे सोपे होई. कुतूहलाला करुणेचे वस्त्र मिळे. तिकिटाच्या मोबदल्यात प्रेक्षकाला आश्चर्य आणि दया ही दोन्ही मिळत. यात वांशिक पूर्वग्रहही होता. सक्ती करणारा नेहमी दूरचा, 'असंस्कृत' ठरविलेला समाज असे.

रिक जेनेस्ट : देहाची घडण

जेनेस्ट यांचा जन्म १९८५ चा. वयाच्या पंधराव्या वर्षी त्यांच्या मेंदूत गाठ असल्याचे निदान झाले. शस्त्रक्रियेने ती काढण्यात आली. सोळाव्या वर्षी त्यांनी पहिला टॅटू करून घेतला. पुढे मॉन्ट्रियलमधील टॅटू कलावंत फ्रँक लुईस यांच्याबरोबर अनेक वर्षे काम करून त्यांनी आपल्या देहावर सांगाडा, उघडे पडलेले स्नायू, कवटी, मेंदू आणि कुजणाऱ्या प्रेतावरील कीटक यांचे एक सलग चित्र साकारले. १३९ हाडे आणि १७६ कीटक यांच्या टॅटूंसाठी २०११ मध्ये गिनेस विक्रमांत त्यांची नोंद झाली.

या तपशिलातील दोन बाबी समीक्षेच्या दृष्टीने महत्त्वाच्या आहेत. पहिली बाब रचनेची. कोस्टेन्टेनस किंवा हिल्डेब्रँट यांच्या देहावर अनेक स्वतंत्र चित्रांचा संग्रह होता. जेनेस्ट यांच्या देहावर एकच कल्पना होती आणि ती शरीररचनेच्या रेषेने जात होती. जिथे बरगडी आहे तिथेच बरगडी रेखाटायची, हा या कामाचा नियम होता. दुसरी बाब अर्थाची. शल्यचिकित्सकाने कवटीच्या आत पाहिल्यानंतर रुग्णानेच तो आतला भाग स्वतःच्या मर्जीने बाहेर आणला, असे या चित्राचे एक वाचन संभवते. त्या दृष्टीने ते मृत्यूच्या ओढीपेक्षा मृत्यूच्या तावडीतून सुटल्याचे चिन्ह ठरते. हे एकमेव वाचन आहे असा दावा करता येणार नाही. पण ते चरित्राशी सुसंगत आहे.

२०११ मध्ये निकोला फोर्मिचेट्टी यांनी त्यांना फेसबुकवर पाहून म्यूग्लर या फॅशन संस्थेच्या पॅरिसमधील सादरीकरणात आणले. त्याच वर्षी लेडी गागा यांच्या 'बॉर्न धिस वे' या गीताच्या चित्रफितीत त्या स्वतः जेनेस्ट यांच्यासारखी कवटीची रंगभूषा करून त्यांच्या शेजारी उभ्या राहिल्या. लॉरिअल समूहातील डर्माब्लेंड या प्रसाधनाच्या जाहिरातीत जेनेस्ट यांचे टॅटू रंगभूषेखाली पूर्णपणे झाकण्यात आले आणि मग रंग पुसत पुसत चित्र उघडे होत गेले. ही जाहिरात प्रसाधनाची असली तरी तिच्यातील नाट्य साइड-शोचेच आहे : पडदा, विलंब आणि दर्शन. फरक एवढाच की पडदा बाजूला करणारा हात येथे स्वतः कलावंताचा होता. कैदेची कथा न सांगता साइड-शोच्या परंपरेत उभे राहता येते, हे जेनेस्ट यांनी दाखवून दिले.

ऑगस्ट २०१८ : शोकाने केलेले वाचन

जेनेस्ट यांचा मृत्यू घराच्या बाल्कनीतून पडून झाला. ही आत्महत्या असल्याचे वृत्त तत्काळ प्रसृत झाले. लेडी गागा यांनीही आपल्या शोकसंदेशात तसेच म्हटले आणि मानसिक आरोग्याविषयी उघडपणे बोलण्याचे आवाहन केले. जेनेस्ट यांच्या निकटवर्तीयांनी मात्र या निष्कर्षाविषयी शंका व्यक्त केली. काही दिवसांतच गागा यांनी, साक्षीदार किंवा पुरावा नसताना आपण घाईने बोललो असे मान्य करून कुटुंबाची क्षमा मागितली. पुढे २०१९ मध्ये मृत्युचौकशी अधिकाऱ्यांच्या अहवालात हा मृत्यू अपघाती असल्याचे नमूद झाले.

या घटनाक्रमात कोणा एका व्यक्तीला दोष देणे अप्रस्तुत ठरेल. मैत्रिणीचा शोक खरा होता. मानसिक आरोग्याविषयी बोलण्याचे आवाहनही योग्यच होते. आणि चूक लक्षात येताच ती सुधारण्याचा प्रामाणिकपणा तिथे होता. प्रश्न वेगळा आहे. पुराव्यावाचून हा निष्कर्ष इतक्या लोकांना इतका सहज पटला कसा? ज्याच्या चेहऱ्यावर कवटी आहे त्याच्या मनात मृत्यूच असणार, हे समीकरण वाचकाच्या मनात आधीपासून तयार होते, हे त्याचे एक उत्तर होय. देहावरील चित्र हे कलाकृती न राहता लक्षण बनले. टॅटूचा अर्थ रुग्णाच्या तक्त्याप्रमाणे लावण्यात आला. एखाद्या कवीने मृत्यूवर कविता लिहिल्या म्हणून त्याच्या मृत्यूचे कारण त्या कवितांत शोधणे ही समीक्षेतील जुनी आणि अनेकदा खोडून काढलेली चूक आहे. तीच चूक येथे त्वचेवरील चित्राच्या बाबतीत घडली.

साइड-शोच्या पुकाऱ्याशी असलेले या वाचनाचे नाते येथे स्पष्ट होते. कोस्टेन्टेनस यांच्या कथेत सक्ती करणारे शत्रू बाहेर होते. २०१८ च्या कथेत सक्ती करणारी निराशा आत होती. दोन्ही कथांत गोंदलेला माणूस कर्तेपण गमावून बळी ठरतो आणि दोन्ही कथा प्रेक्षकाला करुणेची सोय करून देतात. जिवंतपणी जी कथा जेनेस्ट यांनी नाकारली होती, ती मृत्यूनंतर त्यांना चिकटविण्यात आली. मृत व्यक्ती प्रतिवाद करू शकत नाही. म्हणून मृत्युलेखाची जबाबदारी अधिक मोठी असते.

येथे एका आक्षेपाचा विचार करणे आवश्यक आहे. मृत्यू खरोखरच आत्महत्या असता तर ते वाचन बरोबर ठरले असते काय? तसे म्हणता येत नाही. त्या स्थितीतही सांगाड्याचे चित्र पुरावा ठरले नसते. तसेच अपघाताच्या निष्कर्षावरून जेनेस्ट यांच्या मनात दुःख नव्हते, असेही सिद्ध होत नाही. अहवाल मृत्यूचे कारण सांगतो. कलाकृतीचा अर्थ सांगत नाही. हे दोन प्रश्न वेगळे ठेवणे हेच येथे समीक्षेचे काम आहे.

कसबाची आठवण : एक तुलना

अशा कलावंताविषयी वेगळ्या रीतीने शोक करता येतो काय, याचे उत्तर साइड-शोच्या इतिहासातच मिळते. नाकपुडीतून आत खिळा ठोकण्याच्या खेळासाठी प्रसिद्ध असलेले मेल्विन बर्कहार्ट २००१ मध्ये ९४ व्या वर्षी निवर्तले. त्यांचे स्मरण करताना केंद्रस्थानी येते ते त्यांचे कसब. मुष्टियुद्धात नाकाला झालेल्या इजा, त्यानंतरची शस्त्रक्रिया, नाकातला मार्ग चेहऱ्यामागे सरळ जातो हे शारीर ज्ञान आणि त्यावर रचलेला विनोदी प्रयोग, असा तो क्रम आहे. इथेही देहाची इजा आहे, शस्त्रक्रिया आहे. परंतु त्या इजेचे कलावंताने काय केले, यावर भर राहतो.

ही तुलना सर्वस्वी समान नाही. दीर्घायुष्यानंतरचा मृत्यू आणि तरुणाचा अकाली मृत्यू यांत शोकाची तीव्रता वेगळी असणारच. तरीही एक तत्त्व त्यातून हाती येते : देहप्रयोग करणाऱ्या कलावंताच्या मृत्युलेखाने त्याला काय झाले याबरोबरच त्याने काय केले, हे विचारावयास हवे. जेनेस्ट यांच्या बाबतीत या प्रश्नाच्या उत्तरात सुईखाली काढलेली वर्षे, लुईस यांचे रेखाटन, वेदना सहन करण्याची शिस्त आणि लोकांच्या नजरेला रोज सामोरे जाण्याचे धैर्य यांचा समावेश होईल.

कांस्यातील स्मारक

लंडनच्या सायन्स म्युझियममधील वैद्यकशास्त्राची नवी दालने नोव्हेंबर २०१९ मध्ये खुली झाली. तेथे मार्क क्विन यांचे 'सेल्फ-कॉन्शस जीन' हे साडेतीन मीटर उंचीचे कांस्यशिल्प उभे आहे. ते जेनेस्ट यांचे आहे. हे शिल्प शोकाच्या भाषेत एक वेगळी भर घालते. वैद्यकाच्या इतिहासात असामान्य देह अनेकदा नमुना म्हणून काचेमागे ठेवले गेले. त्याच विद्येच्या दालनात जेनेस्ट यांना पुतळ्याचा, म्हणजे कर्त्या माणसाचा मान मिळाला, ही बाब स्वागतार्ह आहे. मानवी देह हा केवळ निसर्गाने दिलेला नसून माणसाने घडविलेलाही असतो, असे त्यातून सूचित होते.

मात्र शीर्षकात जेनेस्ट यांचे नाव नाही; तेथे जनुक आहे. व्यक्ती पुन्हा एकदा एका कल्पनेचे प्रतीक झाली. शिवाय त्वचा बदलते. तिच्यावरील शाई वर्षांबरोबर पसरते, फिकी होते. कांस्यात हे वृद्ध होणे नाही. वयाच्या साठाव्या वर्षी त्या सांगाड्यावर सुरकुत्या पडल्या असत्या, तेव्हा चित्राचा अर्थ निश्चितच बदलला असता. अकाली मृत्यूने हिरावून घेतलेली ही अपूर्णता कोणतेही स्मारक भरून काढू शकत नाही.

निष्कर्ष

१. गोंदलेल्या देहाला सक्तीची कथा जोडण्याची साइड-शोची परंपरा २०१८ मध्ये नव्या रूपात प्रकट झाली. बाह्य शत्रूची जागा आंतरिक निराशेने घेतली.

२. देहावरील चित्राला मृत्यूचे कारण मानणे ही वाचनाची चूक आहे. मृत्यूच्या कारणाचा शोध आणि कलाकृतीच्या अर्थाचा शोध या भिन्न गोष्टी होत.

३. देहालाच माध्यम करणाऱ्या कलावंताच्या मृत्यूबरोबर त्याची कलाकृतीही नष्ट होते. त्यामुळे मृत्युलेख हाच त्या कलाकृतीचा एक महत्त्वाचा दस्तऐवज ठरतो आणि तिच्या वर्णनातील अचूकता हा शोकाचाच भाग होतो.

जेनेस्ट यांच्यावर प्रेम करणाऱ्यांनी एक माणूस गमावला. त्याच क्षणी एक चित्रही गेले. माणसासाठी अश्रू वाहिले जातात. चित्रासाठी मात्र ते नीट पाहावे लागते, आणि घाईने अर्थ लावण्याचा मोह आवरणे ही त्या पाहण्याची पहिली अट आहे.