भूमिगत निधीचा कायदा व नाण्यांचे संग्राहक

इ. स. १९०६ मध्यें नाशिकजवळ जोगळटेंभी येथें चांदीच्या नाण्यांचा मोठा संचय सांपडला. त्यांतील सुमारें १३,२५० नाणीं अभ्यासकांच्या नजरेखालून गेलीं. तीं क्षहरात नहपानाचीं असून पैकीं ९,००० हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनें आपला छाप पुन्हा मारलेला होता. गौतमीपुत्रानें क्षहरातांचा उच्छेद केला असें नाशिकच्या लेण्यांतील शिलालेख सांगतो. त्या विधानास या संचयानें धातूची साक्ष मिळाली. यांतील एखादेंच नाणें बाजारांत मिळालें असतें तर दुसऱ्या छापावरून कांहीं तर्क करितां आला असता. परंतु छापलेलीं व न छापलेलीं नाणीं एकत्र कोणत्या प्रमाणांत होतीं, हें मात्र कधींच कळलें नसतें. नाण्याचें अर्धें मोल त्याच्या सांपडण्याच्या जागेंत असतें. ही कसोटी आमच्या कायद्यांस लावून पाहणें हाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

भूमिगत निधीचा कायदा इ. स. १८७८ चा. त्याच्या मूळ कलमांप्रमाणें दहा रुपयांहून अधिक किमतीचा निधि सांपडल्यास कलेक्टरास लेखी वर्दी द्यावी लागते. निधि बेवारशी ठरल्यास, व उभयतांत निराळा करार नसल्यास, तीन चतुर्थांश शोधणारास आणि एक चतुर्थांश जमीनमालकास मिळतो. वर्दी न देणारास एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. येथवर योजना न्याय्य दिसते. परंतु सरकारास निधि घ्यावयाचा असेल तर द्यावयाची रक्कम म्हणजे धातूची किंमत व वर तिचा पंचमांश, एवढीच! तांब्याच्या शिवराईचें मोल तांब्याच्या वजनावर ठरविणें म्हणजे पोथीचें मोल कागदाच्या वजनावर ठरविण्यासारखें आहे. अशा स्थितींत शेतकरी कलेक्टरकडे न जातां सोनाराकडे गेला, आणि संचय मुशींत गेला, तर नवल कसलें?

इ. स. १९७२ चा पुराणवस्तूंचा कायदा ५ एप्रिल १९७६ पासून अंमलांत आला. त्याप्रमाणें शंभर वर्षांचें नाणें ही पुराणवस्तु होय. खाजगी व्यक्तीस ती परदेशीं पाठवितां येत नाहीं, व परवान्यावांचून तिच्या विक्रीचा धंदाही करितां येत नाहीं. देशाचें धन देशांत राहावें हें धोरण आम्हांस सर्वस्वीं मान्य आहे. तथापि कोट्यवधि पाडलेला १९१८ सालचा रुपया आणि सातवाहनांचें दुर्मिळ नाणें यांस वयाचें एकच माप लागतें. शिवाय नाणें सीमेपलीकडे जाऊं नये याची काळजी घेतली, तरी तें कोणत्या गांवीं, कशासह सांपडलें, ही माहिती देशांतल्या देशांतच नष्ट होते, तिचें काय?

इंग्लंडच्या १९९६ च्या कायद्यानें निधीबद्दल बाजारभावापर्यंत बक्षीस देण्याची तरतूद केली आहे. असें केल्यास चोरून खणणारांचें फावेल, हा आक्षेप खरा आहे. म्हणूनच संचय अभंग ठेवून तत्काळ वर्दी देणारासच पुरी किंमत मिळावी. लपवून खणणारास कांहीं मिळूं नये.

दोष मात्र केवळ कायद्याचा नाहीं. नाणें घेतांना त्याचें गांव न विचारणारा संग्राहक सोनाराच्याच पंक्तीस बसतो. एकानें नाणें वितळविलें, दुसऱ्यानें त्याचा इतिहास. गांव, भांडें, एकूण संख्या, वजन व सोबतचीं नाणीं एवढी टांचणें प्रत्येकानें ठेवावीं, आणि विकत घेतां आलें नाहीं तरी ठसा घेऊन ठेवावा. कायदा सुधारेल तेव्हां सुधारो. या कामास कोणाच्याही परवान्याची गरज नाहीं.