हार्डवेअर नसलेल्या घरात

एकाच संगणकावर अनेक आभासी यंत्रे चालवणाऱ्या झेन या हायपरव्हायझरच्या छत्राखाली ३२-बिटी लिनक्स कर्नल जागे होते, तेव्हा एका रजिस्टरमध्ये त्याला स्मृतीतल्या एका पानाचा पत्ता मिळतो, आणि त्या पानाच्या अगदी शिरोभागी एक चिमुकली ओळ असते : ‘झेन-३.०-एक्स८६_३२पी’. ही ओळ आपण जरा थांबून वाचावी अशी आहे. एरवी कर्नलला जाग येते ती बायोसच्या खटपटीनंतर, सोळा-बिटी पुराणकाळाचा उंबरा ओलांडत. इथे बायोस नाही, तो उंबराही नाही. संरक्षित अवस्था, पानांची कोष्टके, सारे आधीच मांडून ठेवलेले. आणि शेवटचा तो एकुलता ‘पी’? हे घर पीएईचे, म्हणजे विस्तारित स्मृतिपत्त्यांचे आहे, एवढे सांगण्यासाठीच तो तिथे उभा आहे. पीएई न जाणणाऱ्या कर्नलने इथे पाऊल टाकू नये, हे एका अक्षरात सांगून झाले.

अशा घराला पॅराव्हर्च्युअल यंत्र म्हणतात, आणि त्याचे सारे लावण्य या प्रांजळपणात आहे. एक्स८६ प्रोसेसरमध्ये ‘पॉपएफ’ नावाची एक आज्ञा आहे. अधिकार नसताना तिच्याकरवी इंटरप्ट बंद करायला गेलो, तर ती नकार देत नाही, चूक दाखवत नाही, नुसती काही न करता पुढे सरकते. अशा मुक्या आज्ञांमुळे पाहुण्या कर्नलला ‘तूच मालक’ असे भासवत राहणे फार जिकिरीचे होते. केंब्रिज विद्यापीठातल्या मंडळींनी २००३ मध्ये झेन मांडताना तो भासच सोडून दिला : पाहुण्याला कळू द्या की तो पाहुणा आहे, आणि त्याने मागायचे ते हायपरकॉल करून रीतसर मागावे. आमच्या पणदऱ्याकडच्या, नीरा डाव्या कालव्यावरच्या माणसाला हे निराळे समजावून सांगावे लागत नाही. पाणी आपल्या एकट्याचे नाही हे ज्याला ठाऊक आहे, तो कालव्यात चोरून पाइप टाकत नाही; सात नंबरचा अर्ज भरतो आणि आपली पाळी आली की दारे धरतो. आणि इंटरप्ट नको असेल तेव्हा? सामाईक पानावर एका बाइटमध्ये ‘एक’ लिहायचा, बस्स. ‘तूर्त हाक मारू नका’ असे सांगायला एक बाइट पुरतो, याचे मला अजूनही नवल वाटते.

आता या घरात डेबियन या लिनक्स-वितरणाचा इन्स्टॉलर येतो, आणि खरी गंमत इथून सुरू होते. इन्स्टॉलरचा पिंडच चाचपण्याचा : हार्डवेअर ओळखायचे, त्याजोगे ड्रायव्हर जुळवायचे, सीडी शोधायची, पडदा शोधायचा. आणि हे घर असे की चाचपायला काही नाहीच. डेबियनच्या ५.० या आवृत्तीत, २००९ साली, तो अशा ३२-बिटी घरात नांदू लागला आणि २०११ च्या ६.० मध्ये ६४-बिटी घरातही. सीडी नसल्याने आपले उरलेले अवयव तो नेटवर्कवरून मागवतो. तिथे फारसे रेंगाळायला नको. रेंगाळावे ते त्याच्या पहिल्या प्रश्नापाशी : बोलायचे कुठे? नेहमीचा ‘टीटीवाय’ हा पडदा नाही. आहे ती ‘एचव्हीसी०’ नावाची एक बारीक वाट, जिच्या पलीकडच्या टोकाला यजमान यंत्रावर कुणी वाचत बसले असेल. इन्स्टॉलर इथे अंदाज बांधत बसत नाही. कर्नलने जागे होताना कोणता कन्सोल चालू केल्याचे नोंदवले आहे, ते तो पाहतो आणि तिथेच बोलू लागतो. त्या आवृत्त्यांत काम संपल्यावर हीच वाट नव्या प्रणालीच्या ‘इनिटटॅब’मध्येही नोंदवावी लागे, नाहीतर सगळे सुखरूप चालू होऊनही लॉगिनची ओळ काही उमटत नसे.

मग डिस्कची पाळी. साध्या संगणकावर विभाजनाच्या यादीत डिस्कपुढे बनवणाऱ्या कंपनीचे नाव, मॉडेलचा क्रमांक असा सगळा कुलवृत्तांत झळकतो. इथे ‘एक्सव्हीडीए’ एवढेच नाव, आभासी डिस्क असा सरळ उल्लेख, आणि आकार. बाकी पाटी कोरी. पण त्या नावामागे केवढी देवघेव! ड्रायव्हरचे अर्धे अंग पाहुण्याच्या घरात, अर्धे यजमानाच्या. पाहुणा आपल्या स्मृतीचे नेमके एक पान वापरायची परवानगी देतो, यजमान त्यात मजकूर भरतो आणि घंटा वाजवतो. वाचलेला प्रत्येक तुकडा असा परवानगीने आलेला असतो.

मराठी वाचकाला इथे एक हुरहुर लागते, ती नोंदवायलाच हवी. मुंबईच्या सी-डॅकमधल्या जनभारती गटाच्या मेहनतीने त्याच ५.० आवृत्तीत डेबियनचा इन्स्टॉलर मराठीत बोलू लागला. पण देवनागरीची जोडाक्षरे आणि मात्रा साध्या अक्षरपडद्याला पेलत नाहीत, म्हणून मराठी मिळे ती फक्त चित्ररूप इन्स्टॉलरमध्ये; आणि ‘एचव्हीसी०’ तर निव्वळ अक्षरांची वाट. म्हणजे एकाच आवृत्तीने आपल्याला दोन्ही दाने दिली आणि ती एकमेकांना भेटू दिली नाहीत! या कन्सोलवर भाषांची यादी खालीवर करून पाहावी. मराठी त्यात नसते. मला हे न्यून बोचते, आणि ते कुणाच्या हेळसांडीतून आलेले नाही म्हणून जास्तच बोचते.

सर्वात रसाळ भाग शेवटी आहे. इन्स्टॉलर ‘ग्रब’ बसवतो : डिस्कच्या पहिल्या सेक्टरवर बूट करण्याचा संकेत, आणि फाइलप्रणालीत कर्नलांची यादी. पण या घरात पहिला सेक्टर वाचून चालवणारा बायोसच नाही. यंत्र पुन्हा सुरू होते तेव्हा यजमानाकडचा ‘पायग्रब’ हा पायथनमधला छोटा प्रोग्रॅम बाहेरूनच पाहुण्याच्या डिस्कमध्ये डोकावतो, ती यादी वाचतो, कर्नल आणि इनिटआरडी उचलून बाहेर आणतो आणि त्यातून पाहुण्याला जागे करतो. पाहुण्याचा जन्म त्याच्याच पोटातल्या फाइलीतून, पण दुसऱ्याच्या हातून! यादी कामी येते, पहिला सेक्टर मात्र न वाचलेलाच राहतो. काटकसरी नजरेला तो वाया गेला असे वाटेल. तरी मला तो आवडतो, आणि त्याला व्यावहारिक कारणही आहे : उद्या हीच डिस्क बायोसचा भास पुरवणाऱ्या पूर्ण आभासी यंत्राला जोडली, तर सगळ्यात आधी वाचला जाणार तो तोच सेक्टर.