'ग्रबावित्सा' : शहीदाचा दाखला आणि आईचे मौन

यास्मिला झ्बानिच या बोस्नियन दिग्दर्शिकेच्या 'ग्रबावित्सा' या चित्रपटाला २००६ साली बर्लिन महोत्सवात सुवर्ण अस्वल मिळाले. युद्धपट म्हणून त्याची चर्चा झाली. खरे तर त्यात युद्ध दिसतच नाही. पहिल्याच दृश्यात दिसतात त्या डोळे मिटून बसलेल्या बायका. कानावर इलाही येते आहे, कॅमेरा एकेका चेहऱ्यावरून संथ फिरतो, आणि एस्मा डोळे उघडते.

हे सारायेव्होतले समूह-उपचाराचे सत्र आहे. १९९२ ते १९९५ च्या युद्धात छावण्यांत ज्यांच्यावर बलात्कार झाले, त्या बायकांनी एकत्र बसून बोलावे यासाठीचे. एस्मा येते ती मुख्यतः सरकारी भत्त्यासाठी, आणि गप्प राहते. या मौनाकडे दिग्दर्शिका दोष म्हणून पाहत नाही, हे आम्हाला फार मोलाचे वाटते. बोललीच पाहिजेस असा आग्रह हीसुद्धा एक बळजबरीच असते.

एस्माची बारा वर्षांची मुलगी सारा हिला शाळेच्या सहलीला जायचे आहे. शहीदाच्या मुलांना फीमध्ये सवलत आहे, फक्त बापाचा दाखला आणायचा. आई आज देते, उद्या देते म्हणून टाळत राहते आणि पैशांसाठी नाइटक्लबात रात्रपाळी करते. दाखला नाहीच, कारण बाप शहीद नाही. सारा त्या छावणीतल्या अत्याचारातून जन्मलेली आहे. या एका कागदात झ्बानिचने सारे पकडले आहे. मेलेल्या पुरुषासाठी समाजाजवळ शहीद हा केवढा इज्जतीचा शब्द आहे! जिवंत परतलेल्या बाईसाठी मात्र शब्द नाही. 'इज्जत गेली' एवढेच आहे, आणि तेही तिच्याच माथी. हे वाक्य ऐकायला आम्हाला बोस्नियापर्यंत जावे लागत नाही. आमच्या मराठी लिखाणात दंगली आल्या, जळालेली दुकाने आली. दंगलीला दहा-बारा वर्षे झाल्यावर मुलीच्या फीची जुळवाजुळव करणारी बाई आमच्या वाचनात फारशी आलेली नाही.

मुलगी आईवर पिस्तूल रोखते तेव्हा सत्य बाहेर पडते. त्यानंतर एस्मा त्या बायकांत बसून बोलते : पोटातल्या जिवाला संपवायला मारलेल्या बुक्क्या, जन्मल्यावर तोंडही पाहायचे नाही हा निश्चय, मग पान्हा फुटणे, आणि ते तान्हे इतके सुंदर निघणे. कारानोविच ही बेलग्रेडची अभिनेत्री हे सारे अजिबात आक्रोश न करता सांगते.

इथेच आमची एक तक्रार आहे. कोंडी फुटली आणि लगेच वाचा फुटली, हा क्रम फार सोयीचा आहे. शिवाय सभोवतीच्या बायका चेहरेच राहतात. समूहाचे बळ ऐकणाऱ्यांत असते. एकीचे ऐकताना दुसरीत काय हलते, ते दाखवायला चित्रपटाला वेळ होता, पण तो एस्माजवळून हलत नाही.

प्रदर्शनाबरोबरच अशा स्त्रियांसाठी सह्यांची मोहीम चालली, आणि २००६ मध्येच बोस्नियाच्या फेडरेशनने कायदा दुरुस्त करून त्यांना युद्धपीडित नागरिकांचा दर्जा दिला. देशाच्या सर्ब भागातल्या वितरकांनी मात्र चित्रपट लावलाच नाही.