अफगाण चर्च : शिखर आणि शिलालेख

आज आपण एका इमारतीची समीक्षा करणार आहोत. मुंबईत कुलाब्याच्या दक्षिण टोकाकडे सेंट जॉन द इव्हँजेलिस्ट नावाचं चर्च आहे. हे नाव फार थोड्यांना ठाऊक असतं, सगळे त्याला अफगाण चर्च म्हणतात. या वास्तूबद्दल सहसा दोनच प्रकारचं बोलणं ऐकू येतं. एक कौतुकाचं : काय ते शिखर, काय त्या रंगीत काचा! दुसरं झटकून टाकणारं : साहेबाच्या राज्याची खूण आहे, आपल्याला काय त्याचं? आम्हाला ही दोन्ही बोलणी अपुरी वाटतात. दोन्हींत इमारत नीट वाचायचं राहून जातं. आणि हे चर्च तर अक्षरशः वाचायचं आहे, कारण त्याच्या भिंतींवर लिहिलेलं आहे.

आधी जागा बघू. कुलाबा आज बेट वाटत नाही. पण मुंबई ज्या सात बेटांची मिळून झाली, त्यांतलं हे सगळ्यांत दक्षिणेचं. १८३८ मध्ये कुलाब्याचा कॉजवे पुरा होईपर्यंत इथं यायचं म्हणजे ओहोटीची वाट बघायची, नाहीतर होडी करायची. अशा एका बाजूला पडलेल्या बेटावर कंपनी सरकारची छावणी होती. छावणी आली म्हणजे प्रार्थनास्थळ आलंच. पण पुढे जे उभं राहिलं ते नुसतं छावणीचं चर्च नव्हतं, ते युद्धाचं स्मारक होतं.

कुठलं युद्ध? पहिलं इंग्रज–अफगाण युद्ध. १८३९ मध्ये कंपनीच्या फौजा अफगाणिस्तानात शिरल्या, गझनी घेतली, काबूलच्या गादीवर शाह शुजाला बसवलं. जानेवारी १८४२ मध्ये काबूलहून माघार घ्यावी लागली. सुमारे साडेचार हजार सैनिक आणि बारा हजारांच्या आसपास बाजारबुणगे, म्हणजे नोकर, भिस्ती, बायका, मुलं, असा तांडा बर्फातून जलालाबादकडे निघाला. थोडे कैद झाले, थोडे इकडेतिकडे वाचले, बाकीचा तांडा वाटेतच संपला. इथं एक बारकावा ध्यानात घ्या. काबूलच्या त्या फौजेत देशी शिपाई होते ते मुख्यतः बंगाल लष्कराचे. मुंबईच्या पलटणी सिंधमार्गे बोलन खिंडीतून गेल्या होत्या. १८४३ मध्ये सिंध जिंकून घेतला गेला, तोही याच हालचालींचा पुढचा अंक. म्हणून चर्चच्या स्मरणलेखात सिंध आणि अफगाणिस्तान अशा दोन्ही मोहिमा आहेत.

पायाभरणी झाली १८४७ मध्ये. आराखडा हेन्री कोनीबेअर या अभियंत्याचा. मुंबईला नळाचं पाणी देणाऱ्या विहार तलावाच्या योजनेमागेही हाच माणूस होता. चर्चचा प्रार्थनेसाठी अभिषेक झाला ७ जानेवारी १८५८ रोजी. तारीख लक्षात ठेवा. उत्तर हिंदुस्थानात सत्तावनचा उठाव तेव्हा अजून शमलेला नव्हता, लखनौ इंग्रजांच्या हातात परत यायचं होतं. एका युद्धातल्या मृतांचं स्मारक दुसरं युद्ध चालू असताना उघडलं गेलं. शिखर तर आणखी पुढे, १८६५ मध्ये पुरं झालं. त्याची उंची १९८ फूट.

आता वास्तुकलेकडे वळू. शैली गॉथिक पुनरुज्जीवनाची आहे. इंग्लंडमधल्या तेराव्या शतकातल्या चर्चांचा साधा, कमी नक्षीचा घाट इथं घेतला आहे. टोकदार कमानी, अरुंद आणि उंच खिडक्या, तीव्र उताराचं छप्पर, आणि वर निमुळतं होत गेलेलं शिखर. मुंबईत पुढे विद्यापीठाच्या आणि बोरीबंदरच्या इमारतींत गॉथिकचा जो थाट दिसतो, त्याच्या कितीतरी आधीचं हे काम आहे. दगड स्थानिक, फिकट पिवळसर. म्हणजे शब्द इथले आणि व्याकरण विलायती, असा प्रकार.

आमच्या मते ही रचना यशस्वी आहे, आणि हे म्हणताना हात आखडता घ्यायचं कारण नाही. तीव्र उताराच्या छपरावरून कोकणपट्टीचा पाऊस नीट ओघळतो. समुद्राकाठचं डोळ्यांवर येणारं ऊन अरुंद खिडक्या आणि रंगीत काचा गाळून आत घेतात. मधल्या दालनात उभं राहिलं की नजर आपसूक वेदीकडे जाते. कुठं काही मिरवलेलं नाही. आणि शिखर? जमीन देताना सरकारची अटच होती की ते बंदरात येणाऱ्या जहाजांना दुरून दिसेल इतकं उंच हवं. धर्माच्या वास्तूला खलाशांच्या खुणेचं काम दिलं गेलं, आणि ते तिनं चोख केलं. त्यात भेदभाव नव्हता. गलबत कोणाचं, नाखवा कुठल्या जातीचा, हे शिखर विचारत नव्हतं. ज्याला दिसलं, त्याचं ते झालं.

इथं कांटची आठवण येते. फुलाचं सौंदर्य आणि इमारतीचं सौंदर्य यांत तो फरक करतो. फूल कशासाठी आहे हे माहीत नसलं तरी ते सुंदर वाटतं. इमारतीचं तसं नाही. ती काय असायला हवी याची कल्पना मनात धरूनच आपण तिला सुंदर म्हणतो. गंमत म्हणजे त्याच्या उदाहरणांत चर्चही आहे. मग अफगाण चर्चला आपण हाच प्रश्न विचारायला हवा. प्रार्थनास्थळ म्हणून ते उतरलं, समुद्रावरची खूण म्हणून उतरलं. पण ते स्मारक म्हणून बांधलं होतं. स्मारक म्हणून काय?

उत्तर भिंतीवर आहे. स्मरणलेखाचा आशय असा : हे चर्च ज्या अधिकाऱ्यांची नावं भिंतींवर कोरली आहेत त्यांच्या स्मरणार्थ आहे, आणि त्याचबरोबर त्या साध्या सैनिकांच्या स्मरणार्थ, जे आजाराने वा तलवारीने पडले, पण ज्यांची संख्या अशी नोंद करण्याच्या मानाने फार मोठी आहे. पुन्हा ऐका. संख्या फार मोठी आहे, म्हणून नाव नाही. त्या साध्या सैनिकांत देशी शिपाई धरले आहेत की नाहीत, हे त्या शब्दांवरून ठरत नाही. आणि बाजारबुणग्यांचा तर उल्लेखही नाही.

हा युक्तिवाद तपासून बघा. जो मेला त्याचं मरण लहान होतं, असं लेख म्हणत नाही. मेलेले पुष्कळ होते, असं म्हणतो. म्हणजे शोक जितका मोठा, तितकं नाव पुसट! तर्क म्हणून हे उलटं आहे. मग जागा खरंच नव्हती का? १ जानेवारी १८१८ च्या लढाईनंतर कोरेगाव भीमा इथं कंपनी सरकारनंच जो स्तंभ उभारला, त्यावर मेलेल्या देशी शिपायांची नावं आहेत, ‘नाक’ शेवटी असणारी महार शिपायांचीही. तिथं मृत थोडे होते, हे मान्य. पण १९३१ मध्ये दिल्लीला इंडिया गेट झालं, त्यावर तेरा हजारांहून जास्त नावं कोरली, आणि त्यांत तिसऱ्या अफगाण युद्धातलेही आहेत. तेव्हा प्रश्न दगडाच्या लांबीरुंदीचा नाही. कोणाचं नाव विचारायचं आणि कोणाची नुसती बेरीज करायची, याच्या सवयीचा आहे.

ही सवय एकट्या साहेबाची होती असं म्हणून आपल्याला सुटता येणार नाही. पानिपतानंतर आलेला तो सांकेतिक निरोप आपण शाळेपासून ऐकत आलो. मोत्यं मोजली होती, मोहराही मोजल्या होत्या. खुर्दा मात्र मोजण्यापलीकडचा ठरला. त्या निरोपाची करुणा आपल्याला भिडते, पण त्या खुर्द्यात आपल्याच गावचे लोक होते, हे किती जणांच्या मनात येतं? कुलाब्याचा लेख आणि पानिपतचा निरोप यांत अंतर आहे ते भाषेचं. हिशेबाची रीत एकच.

मग आमचा निष्कर्ष काय? अफगाण चर्च वास्तू म्हणून उत्तम आहे, स्मारक म्हणून अपुरं आहे. आणि त्याचा मोठेपणा असलाच तर यात, की आपलं अपुरेपण त्यानं दडवलेलं नाही. ‘सर्व वीरांना वंदन’ असं गुळगुळीत काही कोरून मोकळं होता आलं असतं. तसं केलेलं नाही. नावं राहून गेली, हे दगडातच नोंदवलं आहे. लिहिणाऱ्याला ती नम्रता वाटली असेल, आज आपण ती कबुली म्हणून वाचतो.

म्हणून सांगणं एवढंच. तिकडे गेलात तर मान वर करून शिखर जरूर बघा, ते बघण्याजोगंच आहे. पण मग आत येऊन तो लेख शांतपणे वाचा. आणि आपल्या गावात उद्या एखादं स्मारक व्हायचं असेल, तर समितीला पहिला प्रश्न उंचीचा विचारू नका. यादीचा विचारा.