शास्त्रीय लेखनातील भावना
शास्त्रीय निबंधाची भाषा भावनाशून्य असते, असा सर्वसाधारण समज आहे. हा दंडक मुळातला नव्हे. योहानेस केप्लर याने हार्मोनिसेस मुंदी (१६१९) या ग्रंथात ग्रहगतीच्या नियमाबरोबर आपला आनंदही उघडपणे नोंदविला. पुढे टॉमस स्प्रॅट याने रॉयल सोसायटीच्या इतिहासात (१६६७) अलंकारविरहित भाषेचा पुरस्कार केला. कालांतराने कर्मणी प्रयोग हे शास्त्रीय शैलीचे लक्षण ठरले. तथापि भावना नाहीशी झाली नाही. ती विशेषणांतून निघून नकारांत व निश्चिततेची मात्रा दर्शविणाऱ्या शब्दांत वावरू लागली.

जेम्स वॉटसन व फ्रान्सिस क्रिक यांचा डीएनएच्या संरचनेवरील निबंध नेचर या नियतकालिकात १९५३ मध्ये प्रसिद्ध झाला. आनुवंशिक द्रव्याच्या प्रतिकृतीविषयीचे महत्त्वाचे अनुमान त्यात अखेरीस एका नकारार्थी वाक्यात केवळ सूचित केले आहे. त्यात दडपलेला अभिमान दिसणे स्वाभाविक आहे. क्रिक यांच्या आत्मकथनानुसार (१९८८) मात्र ते वाक्य तडजोडीतून आले : क्रिक यांना आनुवंशिक परिणामांची चर्चा हवी होती, तर संरचना चुकीची ठरेल, अशी भीती वॉटसन यांना अधूनमधून वाटे.

तात्पर्य, संहितेवरून संयम ओळखता येतो. त्यामागे अभिमान आहे की भीती, हे एकटी संहिता सांगत नाही. भावदर्शक शब्दांची गणना येथे अपुरी पडते. कारण मोजण्याजोगा शब्दच नसतो. समीक्षकाने पत्रे, मसुदे व आठवणी यांची साक्ष घ्यावी. ती नसल्यास संयमाची नोंद करून थांबावे.